जात्याचा छाप मॅटीवर

नाण्यावर कागद ठेवून त्यावरून पेन्सिल घासण्याचा खेळ तुम्ही कधी ना कधी खेळला असालच. पेन्सिल फिरू लागली की कागदाखालचा आकडा आणि सिंहमुद्रा हळूहळू वर येतात. वहीच्या शेवटच्या पानावर दोन-चार नाणी उमटली की हा खेळ बहुधा संपतो. आज आपण तो पुढे चालू ठेवणार आहोत. नाण्याऐवजी घेऊ दळणाचे जाते, पेन्सिलीऐवजी मेणाचा खडू, आणि कागदावर उमटलेला छाप सुईदोऱ्याने मॅटीच्या कापडावर भरू. वाटेत घर्षण, दाब आणि पायथागोरसचा सिद्धान्त तर भेटतीलच. शिवाय तारायंत्राच्या अभ्यासातून निघालेला एक नियमही भेटेल. भरतकामात त्याचे काय काम, असे वाटते ना? पाहू या.

जात्याचा दगड

लातूरच्या उत्तरेला रेणापूर हे तालुक्याचे गाव आहे. मांजरेला मिळणाऱ्या रेणा नदीचा हा परिसर. येथील शेतजमीन काळी आणि तिच्याखालचा खडकही काळा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला. त्याचे थरावर थर साचले आणि थंड होऊन बेसाल्ट हा खडक तयार झाला. काळी माती म्हणजे याच खडकाची झीज. लाव्हा थिजत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची छिद्रे काही दगडांत तशीच राहिली. काही छिद्रांत पुढे पांढरी खनिजे भरली. बांधावरचा एखादा दगड उचलून नीट पाहिलात, तर ही छिद्रे किंवा पांढरे ठिपके सापडण्याचा पुष्कळ संभव आहे.

जाते याच दगडाचे. त्याच्या दोन गोल तळ्या. खालची स्थिर राहते, वरची खुंटा धरून फिरवायची. वरच्या तळीच्या मधल्या भोकातून मूठ मूठ वैरण घालायची. दाणा दोन तळ्यांमध्ये सापडतो, भरडला जातो आणि पीठ होऊन कडेने बाहेर पडतो. परंतु दगडावर दगड घासून तळ्या गुळगुळीत झाल्या की दाणा नुसता घसरतो. मग जात्याला टाकी लावावी लागते. छिन्नी-हातोडीने बारीक बारीक घाव घालून तळी पुन्हा खडबडीत करतात. म्हणजे जात्याच्या तळीवर दोन प्रकारच्या खुणा एकत्र असतात. छिद्रे लाव्ह्याच्या काळातली आणि घाव कुणा कारागिराच्या हातचे.

विजेवरची गिरणी गावोगाव आली आणि जाते पडवीच्या कोपऱ्यात गेले. आता त्याची आठवण होते ती लग्नघरी, हळद दळताना. दळताना बायका ओव्या म्हणत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओव्या वहीत उतरल्या. ज्या दगडापाशी बसून त्या म्हटल्या गेल्या, त्या दगडाचा पृष्ठभागही वहीत उतरवता येतो, आणि तेही एका खडूने.

हे काम उद्यावर का टाकू नये, हे लातूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या वापरातली जाती, उखळे, कोरीव चौकटी ढिगाऱ्याखाली गेल्या. पुढे अनेक गावे नव्या जागी वसली. घरे पुन्हा बांधता आली. पण आजीच्या हाताखाली झिजलेली तळी पुन्हा घडवता येत नाही. तिचा छाप मात्र आधी घेऊन ठेवता येतो.

छाप उमटतो कसा?

वरची तळी जड असते. ती मोठ्या माणसांकडून उचलून घ्या आणि पालथी ठेवून घ्या. एकट्याने हा उद्योग करू नका, बोटे चेंगरतील. कोरड्या कुंचल्याने दगडावरचे पीठ आणि धूळ झाडा. त्यावर पातळ कोरा कागद ताणून बसवा आणि कडा चिकटपट्टीने पक्क्या करा. मेणाच्या खडूवरचा कागद सोलून खडू आडवा धरा आणि सारखा दाब देत एकाच दिशेने घासा.

काय घडते ते पाहा. आडवा खडू फक्त उंचवट्यांना टेकतो. खळग्यावरून तो पुलासारखा जातो, आत उतरत नाही. टेकला तेथे घर्षण होते, मेणाचा थर कागदावर राहतो. टेकला नाही तेथे कागद कोरा. त्यातही उंचवट्यांच्या कडा जास्त काळ्या दिसतात. असे का बरे? हाताचे बल तेच आहे, पण कडेवर ते फार थोड्या क्षेत्रफळावर पडते. क्षेत्रफळ कमी म्हणजे दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणून मेणही जास्त.

एक छोटा प्रयोग करा. एकाच नाण्याचा छाप आधी एका कागदातून घ्या, मग दोन कागद एकावर एक ठेवून, मग चार ठेवून. नाण्याची कड शेवटपर्यंत दिसेल. बारीक अक्षरे आधी नाहीशी होतील. जाड कागद बारीक खळग्यांत वाकू शकत नाही. म्हणजे कागद ही एक प्रकारची चाळणीच आहे. मोठे उंचवटे ती पुढे जाऊ देते, बारीक तपशील अडवते. कोणता कागद घेतला यावर छापात काय उरणार हे ठरते.

शिलालेखांचे ठसे

शास्त्रज्ञही अशा छापांवर काम करतात. शिलालेखांचे अभ्यासक दगडावरच्या लेखाचा ठसा घेतात. ओला कागद दगडावर पसरून जाड कुंचल्याने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवतात. कागद सुकत आला की शाईच्या बोळ्याने वरून हलके हलके टिपतात. सपाट भाग काळा होतो आणि खोल अक्षरे पांढरी राहतात. उन्हापावसाने झिजलेले, डोळ्यांना न दिसणारे अक्षर ठशात कित्येकदा वाचता येते. एपिग्राफिया इंडिका या ग्रंथमालेत अशा ठशांची कितीतरी चित्रे आहेत. राष्ट्रकूटांच्या कोरीव लेखांत लट्टलूर या नगराचे नाव येते. तेच आजचे लातूर, असे अनेक विद्वान मानतात.

येथे एक प्रश्न मनात येईल. रबरी शिक्क्यावरची अक्षरे उलटी कोरावी लागतात, मग शिलालेखाचा ठसा उलटा का येत नाही? शिक्क्याच्या वेळी शाई शिक्क्याला लावतो आणि कागदाची जी बाजू शिक्क्याला टेकते तीच आपण वाचतो. ठशाच्या वेळी शाई कागदाच्या वरच्या बाजूला लागते आणि वाचायचीही तीच बाजू असते. तुमच्या नाण्याच्या छापातला आकडा सुलटा येतो, तोही याच कारणाने.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. देवळातल्या मूर्ती, वीरगळ, शिलालेख यांवर खडू घासू नका. कागद फाटला तर मेण दगडाला चिकटते, आणि संरक्षित स्मारकांना परवानगीवाचून हात लावणे कायद्यानेही मना आहे. आपल्या प्रयोगाला घरचे जाते, कडुनिंबाची साल, बाभळीचे खोड, बांबूचे सूप आणि बाजेची वीण पुरेशी आहेत.

छाप चौकटीत बसवणे

आता भरतकामाकडे वळू. आपले कापड आहे मॅटी. तिच्या उभ्या-आडव्या धाग्यांत सारख्या अंतरावर भोके असतात. मॅटी मिळाली नाही तर गोणपाटाचा एक सरळ विणीचा तुकडा घ्या. फुलीचा टाका म्हणजे एका चौकोनाचे दोन कर्ण. येथे कापडावर नक्षी आखावी लागत नाही. धागे मोजत जायचे. कापडाची वीण हाच आपला आलेख कागद!

मोजून टाके घालण्याची ही रीत आपल्याला अगदी जवळची आहे. शेजारच्या धारवाड भागातला कशिदा असाच मोजणीवर चालतो. इरकली लुगड्याच्या पदरावर रथ, गोपुर, तुळशीवृंदावन काढताना बायका कापडाचे धागे मोजतात, आधी चित्र आखत नाहीत. त्यात गवंती आणि मुरगी हे टाके कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखे दिसतात, आणि मेंथी म्हणजे आपली फुलीच. लातूर-नांदेडकडच्या तांड्यांवरचे बंजारा भरतकाम पाहिले असेल, तर चौकोन-त्रिकोणांची शिस्तही ओळखीची वाटेल.

आधी आपल्या कापडाची वीण मोजा. पाच सेंटिमीटर लांबीत किती चौकोन बसतात ते सुईच्या टोकाने मोजा. समजा पंचवीस बसले. मग एक चौकोन दोन मिलिमीटरचा झाला. आता छाप खिडकीच्या काचेवर लावा, त्यावर पातळ आलेख कागद ठेवा आणि मागून येणाऱ्या उजेडात प्रत्येक चौकोन तपासा. नियम सोपा आहे. चौकोन अर्ध्याहून जास्त काळा असेल तर पूर्ण फुली, सुमारे अर्धा काळा असेल तर अर्धी फुली, त्याहून कमी असेल तर रिकामा.

चौकट फसवते तेव्हा

नियम सोपा असला तरी फसगत येथेच होते. समजा टाकीच्या घावांमुळे दगडावर समांतर रेघा आल्या आहेत. दीड मिलिमीटर उंचवटा, दीड मिलिमीटर खाच, असे दर तीन मिलिमीटरला त्यांची पुनरावृत्ती होते. आपण छापावर दोन मिलिमीटरचे चौकोन आखले आणि कापडावर मूळ मापातच भरायला घेतले.

पहिल्या चौकोनात शून्य ते दोन मिलिमीटर हा भाग येतो. त्यात दीड मिलिमीटर काळा आहे, म्हणून फुली. दुसऱ्या चौकोनात दोन ते चार मिलिमीटर. त्यात एक मिलिमीटर काळा, म्हणून अर्धी फुली. तिसऱ्यात चार ते सहा. त्यात केवळ अर्धा मिलिमीटर काळा, म्हणून रिकामा. चौथ्यापासून पुन्हा फुली, अर्धी, रिकामा. म्हणजे कापडावर दर तीन चौकोनांत, सहा मिलिमीटरमध्ये, एकच पट्टा आला. दगडावर तेवढ्याच जागेत दोन रेघा होत्या! तुमचा एकही टाका चुकलेला नाही, तरी कापडावर दगडात नसलेली नक्षी तयार झाली. वहीवर आखून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

हा दोष सुईचा नव्हे. तारायंत्राने संदेश किती वेगाने पाठवता येतील याचा विचार करताना हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये या प्रश्नाचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो नियम नीट मांडला. सोप्या भाषेत तो असा : जी गोष्ट ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते, तिच्या एका पुनरावृत्तीत किमान दोनाहून जास्त नोंदी घ्या, नाहीतर नसलेलीच गोष्ट दिसेल. आपल्या उदाहरणात एका पुनरावृत्तीत दीडच चौकोन बसत होता. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, म्हणून सीडीवर गाणे साठवताना सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतात. बारीक रेघांच्या शर्टाचा फोटो मोबाइलवर पाहताना कधी कधी त्यावर लाटा दिसतात. त्या शर्टावर नसतात. जात्याच्या रेघांची जी गत मॅटीवर झाली, तीच त्या शर्टाची झालेली असते.

उपाय सोपा आहे. छापावर एक मिलिमीटरचे चौकोन घ्या आणि त्यातला प्रत्येक चौकोन कापडावर दोन मिलिमीटरच्या एका टाक्याने भरा. चित्र दुप्पट मोठे होईल. आता तीन मिलिमीटरच्या एका पुनरावृत्तीला तीन चौकोन मिळाले. गंमत अशी की टाके पुन्हा फुली, अर्धी, रिकामा असेच येतील! पण या वेळी एका पट्ट्यामागे दगडावरची एक रेघ आहे. कापडावरची नक्षी तीच, पण आधी ती खोटी होती, आता खरी आहे. नुसत्या कापडाकडे पाहून हा फरक कळत नाही. त्यासाठी मूळ दगड मोजलेला असावा लागतो.

दोरा किती लागेल?

छापाचा चार सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा निवडा. एक मिलिमीटरच्या चौकोनांनी चाळीस गुणिले चाळीस म्हणजे १,६०० चौकोन झाले. कापडावर ते आठ सेंटिमीटर लांबी-रुंदीत भरतील.

आता पायथागोरसला बोलवू. चौकोनाची बाजू दोन मिलिमीटर, म्हणून कर्ण आठच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे २.८३ मिलिमीटर. फुलीचे दोन कर्ण मिळून ५.६६ मिलिमीटर दोरा समोरच्या बाजूला लागला. ओळीने जाताना अर्ध्या फुल्या घालत गेलो आणि परतताना त्या पूर्ण केल्या, तर मागच्या बाजूला दोन उभे टाके पडतात, त्यांचे चार मिलिमीटर. एकूण ९.६६, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. सगळेच चौकोन पूर्ण फुल्यांनी भरले तरी सोळा मीटर दोरा पुरेल. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकांसाठी थोडा जास्त धरा. अर्धी फुली आणि रिकामे चौकोन असतील तितका दोरा वाचेल.

छापात नसलेली गोष्ट

आता तुमचा छाप आणि दगड शेजारी शेजारी ठेवा. डोळे मिटून एका हाताचे बोट दगडावर आणि दुसऱ्या हाताचे कागदावर फिरवा. कागद सपाट आहे. एक मिलिमीटर खोल खळगा आणि पाच मिलिमीटर खोल खळगा, दोन्ही छापात सारखेच पांढरे. खडू दोन्हींवरून पुलासारखा गेला, मग त्याला खोली कशी कळणार? कोणता भाग उंच, हे छाप सांगतो. किती उंच, हे सांगत नाही.

भरतकामाची खरी गंमत येथून सुरू होते. कापड आणि दोरा यांना जाडी असते. छापात हरवलेली खोली त्यांच्या साहाय्याने परत आणता येते. त्यासाठी दगडाकडे परत जा. काडेपेटीतली काडी खळग्यात उभी धरा, कडेशी नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. मोठ्या खळग्यांच्या खोलीची नोंद आलेख कागदावर त्या त्या जागी करा. मग टाके ठरवा. सपाट भागाला साध्या दोऱ्याची फुली. ठळक उंचवट्यांना जाड लोकर, किंवा फुलीवर आणखी एक उभी फुली. छिद्रांत भरलेल्या पांढऱ्या खनिजांसाठी पांढऱ्या दोऱ्याचे गाठीचे टाके. खोल खळग्यांच्या जागी कापड उघडेच ठेवा, आणि मागून काळ्या कापडाचा तुकडा लावा.

तुकडा पूर्ण झाला की घरातल्या ज्या व्यक्तीने ते जाते ओढले आहे, तिच्या हाती द्या. डोळे मिटून बोट फिरवायला सांगा आणि जात्याची कोणती बाजू वाटते ते विचारा. तिचे बोट जेथे अडेल, तेथे तुमचा टाका बहुधा चुकलेला असेल. तो उसवून पुन्हा घाला.

नक्कल आणि नवी नक्षी

छापातून हुबेहूब नक्कलच करायला हवी असे नाही. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी १९२५ मध्ये झिजलेल्या लाकडी जमिनीवर कागद ठेवून काळ्या शिशाने घासले. त्यात उमटलेल्या रेषांत त्यांना अरण्ये आणि प्राणी दिसू लागले. त्यांनी ते वाढवून चित्रे केली. तुम्हीही जात्याच्या छापावर कडुनिंबाच्या पानाच्या शिरा किंवा बाजेची वीण जोडून नवी रचना करू शकता. छाप फिरवून, कापून, उलटसुलट लावून पाहा. रंग तुमच्या मनाचे घ्या.

फक्त एक पथ्य पाळा. नक्कल कोणती आणि आपली रचना कोणती, हे लिहून ठेवा. प्रत्येक छापाच्या मागे पेन्सिलीने नोंद करा : वस्तू कोणती, कुणाच्या घरची, गाव कोणते, तारीख, कोणता भाग, खडू कोणत्या दिशेने घासला, कागद जाड की पातळ. शेजारी पट्टी ठेवून दहा सेंटिमीटरची रेघही मारून ठेवा, म्हणजे माप पुढे कधीही काढता येईल. भरलेल्या कापडाच्या मागे हीच नोंद चिठ्ठीवर लिहून शिवून टाका. एका चौकोनात दगडाचा किती भाग धरला, तेही त्यात लिहा.

सुट्टीत आजोळी गेलात की प्रथम पडवीच्या कोपऱ्यात पाहा. जाते असेल तर आजीला विचारा, त्याला टाकी शेवटची कधी लावली होती, आणि लावायला कोण येत असे. ती सांगेल ते उत्तरही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. मग कागद पसरा आणि खडू आडवा धरा.